नव्या गाडीचा रंग मी का खरवडतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "एवढी चकचकीत गाडी मागवता आणि तिचाच रंग काढत बसता, हे कसलं खूळ?" शेजारच्या काकूंपासून कुरियरवाल्या पोरापर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. गाडी म्हणजे टेबलावर मावणारी, 1:24 मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, रोल्स-रॉइस फँटम टू. आमचा कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 साली खुला झाला, त्याच वर्षी खरी फँटम टू बाजारात आली. ती सांगलीतल्या आमच्या बोळात वळलीसुद्धा नसती.

उत्तर एका शब्दाचं आहे: जाडी. मोटारीवरचा रंग साधारण 0.1 मिलिमीटर. तेवढाच थर या छोट्या गाडीवर बसला, तर खऱ्या गाडीच्या हिशोबात तो 2.4 मिलिमीटर होतो. तो रंग कसला, गिलावाच! दार आणि बॉडीमधली पाच मिलिमीटरची फट इथे 0.2 वर येते. कारखान्याचा रंग त्या फटीत भरतो आणि दार उघडेलसं वाटतच नाही, पेन्सिलीने आखल्यासारखं दिसतं. एकदा हे डोळ्यांत भरलं की मग झोप लागत नाही. मला तरी नाही लागत.

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, म्हणून कॉस्टिक सोडा वर्ज्य. तो जस्तालाच खातो. हार्डवेअरच्या दुकानातलं पेंट रिमूव्हर, जुना टूथब्रश, हातमोजे आणि उघडी खिडकी एवढं पुरतं. प्लास्टिकच्या भागांना मात्र ते चालत नाही, ते ब्रेक ऑइलमध्ये भिजत घालायचे. पहिल्या गाडीच्या वेळी घाई केली आणि दारांच्या मुठी च्युइंगमसारख्या बोटाला चिकटून आल्या.

मग ड्यूको. आमचे गॅरेजवाले पेंटर अजून हाच शब्द वापरतात. तो मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या सेल्युलोज रंगाचा. 1920 च्या दशकात तो मोटारींवर आला. त्याआधी एकेक गाडी रंगून वाळायला आठवडे जायचे. मी त्याच जातीचा रंग थिनर घालून दुधाइतका पातळ करतो आणि एअरब्रशने पाच-सहा हात मारतो, प्रत्येक हात जेमतेम ओला दिसेल एवढाच. पावसाळ्यात हे काम बंद. हवेतल्या ओलीने थर वाळताना पांढुरका पडतो. त्या दिवसांत मी नुसता खरवडतो आणि पुलाखाली पाणी किती फूट चढलं ते ऐकत बसतो.

चकाकीचंही तसंच. मोटारींवर क्रोम सर्रास आलं ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल असायचं, जरा पिवळसर, उबदार. त्यामुळे 1926 ला बंद झालेल्या रोल्स-रॉइसच्याच सिल्व्हर घोस्टवर निळसर क्रोम दिसलं की मला ते आजीच्या नथीत प्लास्टिकचा मणी ओवल्यासारखं वाटतं. पारदर्शक पिवळ्याचा एक हलका हात दिला की ते शांत होतं.

आता सांगतो, कोणता रंग. त्या काळी रोल्स-रॉइस फक्त चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन द्यायची; बॉडी दुसरे कारागीर बांधायचे आणि रंग गिऱ्हाईक ठरवायचं. राजकोटच्या संस्थानिकांसाठी 1934 ची फँटम टू थ्रप अँड मेबर्लीने बांधली, तीच 'स्टार ऑफ इंडिया', केशरी रंगाची. मला तिचा रंग हवा होता. खोक्यातली गाडी काळी.

केशरी जुळवताना तीन वेळा हरलो. एकदा झेंडू झाला, एकदा विटकर. तिसऱ्यांदा रंग बरा होता, पण मार्केट यार्डाच्या बाजूने वारा सुटला आणि ओल्या बॉनेटवर हळदीचे कण बसले. सांगलीत राहून तक्रार कुणाकडे करणार? पुन्हा रिमूव्हर.

शेवटी काकूंनीच सोडवलं. वाटीतला नमुना बघून म्हणाल्या, "यात थोडं दूध घाला, मसालेदूध होईल." मी दुधाऐवजी पांढऱ्याचे चार थेंब घातले. लहान वस्तूवर भडक रंग जास्तच गडद दिसतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

गाडी वाळल्यावर काकूंना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळली. म्हणाल्या, "छान. पण काळी शोभत होती."