चिऱ्याची भिंत आणि पाठीमागचं वायफाय

३ मे

गावचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, रत्नागिरीच्या दक्षिणेला. भिंती दीड फुटी, बाहेरच्याच नव्हे, माजघराच्याही. फायबरवाल्याने वायफायचा डबा (राउटर) पडवीत ठोकला कारण त्याची वायर तिथवरच पोचत होती, आणि मला पावसाळाभर बसून ऑफिसचं काम करायचंय ते परसाकडच्या खोलीत. तिथे फोनवर एक दांडी दिसते, तीही दिसून न दिसल्यासारखी.

आज फक्त मोजमाप. सिग्नलची ताकद मोजणारं वायफाय ॲनालायझर ॲप लावून फोन हातात धरून घरभर फिरलो. ताकद डीबीएममध्ये दिसते, मायनसचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. डब्याखाली मायनस ३५ डीबीएम, ओटीवर मायनस ५२, माजघरात मायनस ६६, स्वयंपाकघरात मायनस ८१, परसाकडच्या खोलीत मायनस ८८. हे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं. दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा, माजघराचा उंबरा ओलांडतच नाही. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे माजघर आणि स्वयंपाकघर यांमधल्या एका भिंतीने १५ डीबी गिळले. पलीकडे बत्तिसावा हिस्सा उरला. चिऱ्यात लोह भरपूर आणि अंगावर भोकंच भोकं. अण्णा म्हणाले, "ही भिंत तोफेला दाद देणार नाही, तुझ्या डब्याचं काय घेऊन बसलास."

गेल्या वर्षी एक रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) आणून स्वयंपाकघरात लावला होता. ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही त्याला निरोप्या केला, तर दुसरं काय होणार? शिवाय एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्यानेच पुढे सांगायचं, म्हणजे वेग निम्म्यावर. तो आता कपाटात आहे. या वेळी सरळ वायर ओढून मागे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून नेट घेऊन वायफाय देणारा दुसरा डबा.

१० मे

आजचा अख्खा दिवस केबलने खाल्ला.

रस्ता सोपा निघाला. आमच्याकडे भिंती थेट कौलांपर्यंत जात नाहीत, वाशांखाली हातभर फट आहे. त्यामुळे एकही भोक न पाडता पडवीतून वर, तक्तपोशीवरून सरळ मागे आणि परसाकडच्या खोलीत खाली. एकूण २६ मीटर. इथरनेटच्या (नेटवर्कच्या) केबलची मर्यादा १०० मीटर, तेव्हा चिंता नव्हती. चिंता उंदरांची. माळ्यावर जुन्या टीव्हीची केबल सापडली, तिच्यावर जागोजागी दातांच्या खुणा. म्हणून पाऊण इंची पीव्हीसी पाइप घालून आतून केबल. वर चाळीसएक अंशांत, कौलांना डोकं लावून, कोळिष्टकं खात पाइप जोडणं हा छंद आहे असं मी आईला सांगितलं. तिने नुसतं पाहिलं.

आता रडकथा. केबल बाजारातून सुटी आणली होती, 'कॅट सिक्स, प्युअर कॉपर' म्हणून. दोन्ही टोकांना कनेक्टर दाबले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लॅपटॉप लावला, नेट आलं, मी खूश. स्पीड टेस्ट केली तर ९४. पुन्हा केली, ९३. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा.

ज्यांनी हे भोगलंय ते ९४ हा आकडा वाचूनच हसले असतील. केबलवरची लिंक गिगाबिटवर (१००० एमबीपीएस) न जुळता १०० वर उतरली की हातात साधारण एवढंच पडतं. १०० ला तारांच्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी कुठेतरी मेलेली. टेस्टर लावला: चौथा दिवा गप्प. निळी. कनेक्टर कापून नवा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सोलताना निळी तार बोटातच कट्कन मोडली. तांबं असं मोडत नाही, वाकतं. तिच्यावर ब्लेडने खरवडलं आणि आतून पांढरी शुभ्र ॲल्युमिनियम निघाली. वर नुसता तांब्याचा मुलामा.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "साहेब, सगळे हीच नेतात." हे मात्र खरं असावं. तुम्ही घेताना टोक खरवडून बघाच. किंवा खोकं उचलून बघा, मुलाम्याचं हलकं लागतं. नवीन केबल शहरातल्या भावाकडून मागवली.

१७ मे

खऱ्या तांब्याची केबल जुन्या केबलच्या शेपटीला बांधून पाइपातून ओढली, वीस मिनिटांत काम. टेस्टरचे आठही दिवे ओळीने. लिंक गिगाबिट. स्पीड टेस्ट २०६.

ॲक्सेस पॉइंट म्हणून पुण्याच्या घरात धूळ खात पडलेला टीपी-लिंकचा आर्चर सी७, व्ही५. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) आरामात बसतं. (नावातलं 'डब्ल्यूआरटी' लिंकसिसच्या जुन्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरवरून आलंय, हे नव्या मंडळींना बहुधा माहीत नसतं.) कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्येही ॲक्सेस पॉइंट मोड आहे, ज्यांना डोकं खाजवायचं नाही त्यांनी तोच वापरावा. मला खाजवायचं होतं.

फ्लॅश (नवं सॉफ्टवेअर डब्यात भरणं) सुरळीत झालं. मग मी उत्साहात डबा तसाच केबलला जोडला आणि दोन मिनिटांत ओटीवरून अण्णांचा आवाज: "नेट गेलं!" ओपनडब्ल्यूआरटी ताजं टाकलं की त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. पडवीतल्या डब्याचाही तोच. वर दोघेही डीएचसीपीने घरातल्या फोन-लॅपटॉपना आयपी पत्ते वाटायला बसलेले. एका गावात एकाच नावाचे दोन पोस्टमन. कोणाचं पत्र कोणाकडे, काही पत्ता नाही.

केबल काढली. लॅपटॉपला एकटा जोडून त्याला १९२.१६८.१.२ दिला, गेटवे (बाहेर जायचं दार) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) पडवीतल्या डब्याचा, डीएचसीपी बंद. केबल वॅन (बाहेरून नेट घ्यायच्या) पोर्टात न घालता लॅन (घरातल्या जोडण्यांच्या) पोर्टात घातली, म्हणजे तो राउटरपणा सोडून नुसता पूल होतो. वायफायमध्ये देश भारत निवडला. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग चॅनेल दिसत नाहीत म्हणून ओरडतात. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८मध्ये परवानामुक्त झाला, तेव्हा निवडीला वाव आहे. मी आधी चॅनेल १०० घेतलं. ते रडारच्या पट्ट्यातलं, म्हणून डबा सुरू झाला की आधी मिनिटभर कानोसा घेतो, मग बोलतो. इथे दिवसातून चारदा लाइट जाते. दर वेळी एक मिनिट कोण थांबणार? ३६ वर आलो.

परसाकडच्या खोलीत आता ५ गिगाहर्ट्झवर मायनस ४४.

२४ मे

वाटलं होतं झालं काम. नाही झालं.

आईचं भजनी मंडळ बुधवारी व्हिडिओवर जमतं. ती फोन घेऊन ओटीवरून सुरुवात करते आणि दुसऱ्या अभंगापर्यंत स्वयंपाकघरात पोचते, कारण कुकर. दोन्ही डब्यांना एकच नाव, एकच पासवर्ड, दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ सुरक्षा. तरी स्वयंपाकघरात गेल्यावर तिचा फोन पडवीलाच चिकटून बसला, मायनस ८० वर, टाळ आणि शब्द वेगवेगळे ऐकू यायला लागले. भिंतीच्या अलीकडे नव्याने लावलेला ॲक्सेस पॉइंट मोकळा बसलेला.

कोणत्या डब्याला धरायचं हे फोन ठरवतो, डबा नाही. आणि फोनचा स्वभाव म्हणजे जुनं तुटेस्तोवर सोडायचं नाही. एका डब्यावरून दुसऱ्यावर झटकन जायला मदत करणारं ८०२.११आर वगैरे पडवीतल्या डब्यात नाहीच, तेव्हा तो मार्ग बंद. दोन संध्याकाळी मी नको तिथे डोकं लावलं: अँटेना फिरवल्या, मागची ताकद वाढवून पाहिली. उलट झालं, मागचा डबा माजघरापर्यंत ओरडायला लागला आणि ओटीवर येणारे फोन त्यालाच धरून राहिले.

मग दोघांचाही आवाज उतरवला. मागे २.४ गिगाहर्ट्झची सोडायची ताकद २० डीबीएमवरून ११ वर आणली, चॅनेल ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पडवीतल्या डब्यात नेमका आकडा देता येत नाही, नुसतं 'लो, मीडियम, हाय' आहे. त्याला लो केलं, चॅनेल १. आता माजघराच्या भिंतीशी पडवी एकदम विरते. इतके दिवस जिला शिव्या घातल्या ती भिंतच हद्द राखायला कामी आली. आईला न सांगता तिच्या मागे मागे लॅपटॉप घेऊन फिरलो: उंबरा ओलांडल्यावर सहा-सात पावलांत फोन मागच्या डब्यावर. चित्र क्षणभर थबकलं, बस. "काय रे, असा मागे मागे काय फिरतोस?" एवढंच तिच्या लक्षात आलं.

१४ जून

पाऊस लागला. आठवडाभर संततधार, चिरे भिजून काळे. मुद्दाम मागचा ॲक्सेस पॉइंट बंद करून, पडवीचा डबा हायवर ठेवून ३ मेचं मोजमाप त्याच जागांवरून पुन्हा घेतलं. माजघर मायनस ६७, जवळजवळ तेच. परसाकडच्या खोलीत मात्र मायनस ८८ होतं तिथे नेटवर्कचं नावच दिसेना. मागच्या बाहेरच्या भिंतीला ओल चढलीय, तोच संशय. म्हणजे मेमध्ये रिपीटर कसाबसा जमवला असता तरी जूनमध्ये बोंब होती.

दोन्ही डबे १२ व्होल्टचे, त्यामुळे लाइट गेली तरी चालावेत म्हणून प्रत्येकाला एकेक मिनी यूपीएस. एकातच भागवायला गेलो होतो, पण आर्चरचा अडॅप्टरच २ अँपियरचा, दोघांचा भार एकावर पेलेना. मागचा दिवा चालू आणि पडवीचा बंद, असलं काही उपयोगाचं नाही.

गोठ्यातही नेट हवंय, अण्णांना गाभण गाईवर कॅमेरा लावायचाय. अंगण ओलांडून तांब्याची केबल मी नेणार नाही; आमच्याकडे वळवाच्या विजा कशा पडतात ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि दोन इमारतींमधली तांब्याची तार म्हणजे विजेला आवतण. फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं तांब्याच्या केबलला जोडून देणारे डबे), असा बेत आहे. गाय श्रावणात वेते, तोवर हाताशी दोन महिने आहेत.