ओल्नीबद्दल एकदा नीट लिहायचंच होतं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातल्या आपल्या मराठी मंडळींना ओल्नी म्हणजे रविवारी कॉफी प्यायला जायचं ठिकाण एवढंच माहीत असतं. ग्रेट ऊज नदीच्या काठचं गाव, गाडीने वीसेक मिनिटं, जुनी दगडी घरं, एक लांबलचक हाय स्ट्रीट, फोटो काढायचे, केक खायचा आणि परत. मला वाईट वाटतं त्याचं, कारण जेमतेम साडेसहा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात बघण्यासारखं, ऐकण्यासारखं इतकं आहे, आणि त्यातला एक धागा तर थेट मराठी छपाईपर्यंत येतो, पण ते आपल्याला कुणी सांगतच नाही.

आधी पॅनकेक रेस, कारण गावाचं नाव जगभर झालंय ते तिच्यामुळेच. ईस्टरच्या आधी लेंट नावाचा उपासाचा काळ असतो, तो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, म्हणजे श्रोव्ह ट्यूसडेला, घरातली अंडी, लोणी, दूध संपवायला पॅनकेक करायचे अशी इंग्लंडमधली जुनी पद्धत. ओल्नीत सांगतात की १४४५ साली एक बाई असेच पॅनकेक करत होती, तेवढ्यात चर्चची घंटा झाली, आता उशीर होणार म्हणून ती ॲप्रनसकट, हातातल्या पॅनसकट चर्चकडे पळत सुटली. तेव्हापासून रेस.

गोष्ट छानच आहे, पण मला १४४५ पेक्षा १९४८ हे साल जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात रेस बंद पडली होती आणि सगळे तिला विसरूनही गेले होते. १९४८ मध्ये तिथले व्हिकर, म्हणजे चर्चचे मुख्य पाद्री, रोनाल्ड कॉलिन्स, कपाट आवरत होते तेव्हा त्यांना रेसचे जुने फोटो सापडले, १९२०-३० च्या दशकातले, स्कर्ट घातलेल्या बायका हातात पॅन घेऊन पळतायत असे. त्यांनी गावात विचारलं, पळणार का कोणी? आणि बायका तयार झाल्या. हे कधी, तर ब्रिटनमध्ये अजून रेशनिंग चालू होतं तेव्हा! अंडी, साखर, लोणी सगळं मोजून मिळत होतं आणि या बायका रस्त्यावर पॅनकेक उडवत धावत होत्या. परंपरा आपोआप टिकत नाही, कुणीतरी ठरवून ती परत हातात घ्यावी लागते, आणि ओल्नीत ते कुणी केलं, कधी केलं, हे नावासकट माहितीये, याचं मला खूप अप्रूप आहे.

नियम साधे आहेत. धावणारी बाई १८ वर्षांच्या वरची आणि गावात राहणारी हवी, त्यामुळे माझ्यासारखीला बाहेरून येऊन भाग घेता येत नाही, आणि ते मला एकदम पटतं. स्कर्ट, ॲप्रन, डोक्याला स्कार्फ नाहीतर टोपी. मार्केट प्लेसपासून चर्चपर्यंत ४१५ यार्ड, म्हणजे ३८० मीटर धरा. सुरुवातीला एकदा पॅनकेक उडवून झेलायचा, शेवटी पोचल्यावर परत एकदा. मी चर्चकडे वळणाऱ्या रस्त्यावर उभं राहून बघितलीय ही रेस. आधी कितीतरी वेळ काहीच होत नाही, शाळेतली पोरं, बग्गीतली बाळं, स्टुलावर बसलेल्या आज्या, सगळे थंडीत कुडकुडत गप्पा मारत असतात, मग एकदम लांबून आरडाओरडा जवळ जवळ येत जातो आणि लालबुंद चेहऱ्याच्या बाया समोरून निघून जातात, एका हातात पॅन आडवा धरलेला, दुसऱ्या हाताने स्कर्ट सावरलेला. मिनिटभरात खेळ खलास. जिंकणारीला चर्चतर्फे ‘प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो’ असा आशीर्वाद मिळतो आणि मग सगळेच चर्चमध्ये प्रार्थनेला जातात.

१९५० पासून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं लिबरल नावाचं गाव पण यात आहे. तिथल्या कुणीतरी मासिकात ओल्नीच्या रेसचा फोटो बघितला आणि चॅलेंज दिलं, तेव्हापासून दोन्हीकडे त्याच दिवशी तेवढ्याच अंतराची रेस होते आणि वेळा ताडून बघतात कोण जिंकलं.

आता लेस. मार्केट प्लेसवर लाल विटांचं एक उंच घर आहे, तिथे विल्यम कूपर हा कवी १७६८ ते १७८६ राहायचा, १९०० पासून तिथे म्युझियम आहे. तिथली लेस बघाच. कडक गच्च भरलेली उशी, तिच्यावर नक्षीची भोकं पाडलेलं चामड्यासारखं चर्मपत्र, भोकांत टाचण्या, आणि दोऱ्याला लटकणाऱ्या पेन्सिलीएवढ्या बारीक बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळायच्या काड्या, त्यांच्या टोकाला रंगीत काचेचे मणी, म्हणजे वजन पडतं आणि दोरा ताणलेला राहतो. हे मणी फार सुंदर दिसतात, पण काम जीवघेणं होतं. रात्री मेणबत्ती परवडायची नाही म्हणून एकाच मेणबत्तीभोवती पाणी भरलेल्या काचेच्या गोल बाटल्या ठेवायच्या, त्यातून उजेड एका ठिकाणी पडतो, आणि तेवढ्या उजेडात कितीतरी जणी गोल बसून विणायच्या. या भागात पाचेक वर्षांच्या पोरांनाही लेस स्कूलमध्ये बसवायचे. कूपरने १७८० साली एका पत्रात लिहिलंय की या गावात लेस करणारे जवळपास बाराशे आहेत आणि शेकडो लोक उपासमारीच्या काठावर आहेत. त्या श्रीमंतांच्या कॉलर आणि बाह्यांसाठी! कूपर स्वतः मनाने फार खचलेला माणूस होता, डिप्रेशनचे मोठमोठे झटके यायचे त्याला, त्यात त्याने तीन ससे पाळले, पस, टायनी आणि बेस, संध्याकाळी त्यांना दिवाणखान्यातल्या गालिच्यावर बागडायला सोडायचा. सशांनी त्याला सावरलं असं मला मनापासून वाटतं.

त्याचा जवळचा मित्र जॉन न्यूटन, १७६४ ते १७८० इथल्या चर्चमध्ये क्युरेट, म्हणजे दुय्यम पाद्री. दोघांच्या बागांच्या मध्ये दुसऱ्या कुणाची तरी फळबाग होती, तिच्यातून जायला मिळावं म्हणून ते वर्षाला एक गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) भरायचे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे भजन न्यूटनचंच, १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी ओल्नीत लिहिलेलं. पण हा माणूस आधी गुलामांच्या जहाजाचा कॅप्टन होता, आणि १७५४ मध्ये समुद्र सोडला तो आजारपणामुळे, पश्चात्तापाने नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने छापून लिहिलं ते १७८८ मध्ये, म्हणजे भजनानंतर पंधरा वर्षांनी, तोवर तो लंडनला गेलेला होता. गाणं ऐकून डोळ्यांत पाणी येतं हे खरं, पण ही मधली वर्षं गाळून त्याची गोष्ट सांगणं मला चुकीचं वाटतं. नुसता ‘पापी सुधारला’ म्हणून मोकळं होता येत नाही, जहाजाच्या तळाशी साखळ्यांत बांधलेली माणसं होती. त्याची कबर ओल्नीच्या चर्चच्या आवारात आहे, १८०७ ला वारला लंडनमध्ये, १८९३ मध्ये त्याला आणि बायकोला इथे आणून पुरलं. चर्चचा मनोरा १८५ फूट उंच आहे, नदीपलीकडच्या शेतातून पण दिसतो.

आणि आता आपला धागा. हाय स्ट्रीटवर बॅप्टिस्ट या ख्रिश्चन पंथाचं चर्च आहे, तिथे जॉन सटक्लिफ नावाचे पाद्री होते. १७८५ मध्ये नॉर्थॅम्प्टनजवळच्या मोल्टन गावातला, बूट शिवणारा आणि शाळा चालवणारा एक तरुण तिथे पाद्री होण्यासाठी प्रवचनाची परीक्षा द्यायला आला. मंडळींना काही ते प्रवचन फारसं पटलं नाही, अजून सराव कर म्हणाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच मंडळींनी त्याला पास केलं. तो विल्यम कॅरे. १७९३ मध्ये बंगालला पोचला, पुढे तिथल्याच (नगरच्या नव्हे) श्रीरामपूरला छापखाना, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवणं, आणि १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून निघालं, १८१० मध्ये मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश, त्यासाठी वैजनाथ पंडितांची मदत. हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघडच आहे, आणि वैजनाथ पंडितांचं नाव कॅरेइतकं घेतलं जात नाही ही खंत पण आहेच. तरी मराठीच्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांतली ही पुस्तकं, आणि ती करणारा माणूस याच रस्त्यावर नापास होऊन परत आला होता, हे कळल्यापासून मला तिथून नुसतं चालत जाता येत नाही.

गावात आता लेसचा धंदा नाही, १८७२ ला आलेली रेल्वेसुद्धा १९६२ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. पण दर गुरुवारी मार्केट प्लेसवर बाजार भरतो, आपल्या आठवडी बाजारासारखाच, भाजीवाल्याला गिऱ्हाइकांची नावं पाठ असतात. १८७७ पासूनचा रग्बी क्लब आहे, डिसेंबरमध्ये सगळा हाय स्ट्रीट बंद करून ख्रिसमसचा बाजार मांडतात. म्युझियममध्ये बरंचसं काम व्हॉलंटियर करतात, त्यांना लेसबद्दल काही विचारलं की सोडत नाहीत, उशीजवळ नेऊन बॉबिन कशी फिरवायची ते दाखवतात. जायचं तर गुरुवारी सकाळी जा, म्युझियम वर्षभर उघडं नसतं म्हणून आधी वेळ बघा, आणि कॉफी पिऊन झाली की हाय स्ट्रीटवरून तसेच पुढे बॅप्टिस्ट चर्चपर्यंत चालत जा.