अठ्ठावीस नंबरची ट्राम आणि दारातली खुर्ची

लिस्बनमध्ये आम्ही दोघे आठ दिवस होतो आणि त्यांतला एक पाऊण तास सोडला, तर बाकीचे दिवस कसे गेले हे फोटो पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

ह्यांना प्रवासाला निघण्यापूर्वी वहीत सगळे वेळापत्रक मांडायची सवय आहे. या वेळी रमतगमत फिरायचे, अशी अट मी घातली होती आणि ती ह्यांनी तत्काळ मान्यही केली होती. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी वही निघालीच. तिच्यात पहिल्या ओळीवर होती अठ्ठावीस नंबरची ट्राम. ही पिवळी, ठेंगणी, लाकडी बाकांची ट्राम १९३० च्या दशकातील बांधणीची आहे आणि तिचे मोटर व ब्रेक नंतर बदललेले असले, तरी ती हौसेखातर राखलेली नाही. वाटेतील वळणे इतकी अवघड आणि चढ इतके उभे आहेत की लांब, आधुनिक ट्राम तेथे वळूच शकत नाही.

मार्तिम मोनिझच्या थांब्यावर आम्ही तासभर रांगेत उभे होतो. तेवढ्यात तीन ट्राम भरून गेल्या आणि रांग जेमतेम दहा पावले सरकली. पुढे फोटोसाठी काठ्या उंचावलेले तरुण आणि मागे मार्गदर्शकाच्या छत्रीखालचा सबंध गट. या गर्दीत ज्यांना खरोखरच बाजारहाट करून घरी जायचे होते, ती म्हातारी माणसे पिशव्या सांभाळत मुकाट्याने उभी होती, याची मला मनापासून लाज वाटली. मी म्हटले, “अहो, ट्राम जिथून जाते, तिथून आपण चालत जाऊ या की. रूळ दिसताहेतच.”

ही कल्पना माझी होती, हे कबूल केले पाहिजे, कारण ग्रासा टेकडीचा चढ अर्धा होईपर्यंत ती मलाच मागे घ्यावीशी वाटू लागली. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात नदीकाठचा सखल भाग उद्ध्वस्त झाला आणि राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने तो आखीव, सरळ रस्त्यांचा करून पुन्हा उभारला. अल्फामाची टेकडी मात्र बरीचशी तगली, त्यामुळे तिथल्या गल्ल्या जुन्या वळणाच्याच राहिल्या. त्यांतील एका गल्लीत रूळ इतके भिंतीलगत येतात की दोन ट्राम समोरासमोर आल्या, तर एकीला थांबून वाट द्यावी लागते. पायाखाली चुनखडीचे लहान लहान दगड हाताने बसवलेले असतात. दिसायला ते देखणे खरे. पण वर्षानुवर्षांच्या वर्दळीने त्यांना असा गुळगुळीतपणा आला आहे की उतारावर पायाचा भरवसा राहत नाही. मागून घंटा वाजली, फोटो घ्यायला हे वळले आणि दुसऱ्याच क्षणी खाली बसलेले दिसले.

समोरचे दार उघडले आणि ॲप्रन बांधलेल्या एक आजीबाई लाकडी खुर्ची घेऊन बाहेर आल्या. ह्यांना तिच्यावर बसवून त्या परत वळल्या, पण मध्येच थबकल्या. दार मागे मिटू नये म्हणून एक पाय उंबऱ्यात ठेवून त्यांनी ॲप्रनचा खिसा चाचपला आणि स्वतःशीच “शाव्ह, शाव्ह” असे पुटपुटल्या. हातात चावी दिसण्यापूर्वीच त्या काय शोधत होत्या, हे आम्हा दोघांनाही कळले होते. मग त्यांनी गार पाण्यात भिजवलेला टॉवेल आणून ह्यांच्या सुजू लागलेल्या घोट्यावर स्वतःच गुंडाळला. त्याला त्या जे म्हणाल्या, त्यात मला कोकणातला टुवाल स्पष्ट ऐकू आला.

निघताना काहीतरी द्यावे म्हणून मी पर्स उघडली, तर त्या दोन्ही हात उडवून म्हणाल्या, “पगार? नाँव, नाँव!” पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे चुकते करणे. हे निवृत्त होऊन सहा वर्षे झाली आहेत. घोटा दुखत असतानाही ते इतके मोठ्याने हसले की आजीबाईही काही न कळता हसू लागल्या.

तेवढ्यात ट्राम आली. माणसांनी खच्चून भरलेली ती पेटी आमच्यापासून हातभर अंतरावरून हळूहळू सरकू लागली आणि खिडक्यांतून फोन बाहेर आले. दारात खुर्चीवर बसलेले, पायाला ओला टॉवेल बांधलेले वृद्ध गृहस्थ आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या आजीबाई, असे दृश्य त्यांना आयतेच मिळाले होते. ह्यांनी त्या घरचे यजमान असल्याप्रमाणे हात हलवला. वहीतली पहिली ओळ खोडून टाकायला माझी हरकत नव्हती.

पुढचे दिवस पाय वर ठेवून टेकडीवरच्या कट्ट्यांवर बसण्यात गेले. बेलेमला जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर पाहिली. तो १५२४ मध्ये कोचीला वारला आणि आधी तेथेच पुरला गेला होता. ह्यांना ती कबर फारशी भावली नाही; बाहेर बदामी रंगाच्या, गरम कस्टर्डच्या पेस्ट्रीसाठी मात्र ते लंगडत का होईना, पुन्हा रांगेत उभे राहिले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही अठ्ठावीस नंबरमध्ये बसलोच. पण दुसऱ्या टोकाहून, काम्पु द ओरीकहून, जिथे रांग नव्हती आणि खिडकीजवळचे बाक आमची वाट पाहत असल्यासारखे रिकामे होते. अंधार पडता पडता ट्राम त्या अरुंद गल्लीत शिरली. मी दारे मोजत होते. ते दार बंद होते, खुर्चीही आत गेलेली होती. ह्यांनी तरीही हात केला.