तुम्ही विचारलंत म्हणून: जंगल एवढं दाट, मग पक्षी कुठायत?

"दादा, दोन तासांत आठच? आमच्या सोसायटीमागे याच्यापेक्षा जास्त दिसतात." सिंधुदुर्गातल्या तिळारीत लोकांना पक्षी दाखवायला नेतो, त्यात दर रविवारी कुणीतरी हे बोलतंच.

सोसायटीमागे जाती पंधरा-वीस, पण एकेकीचे थवेच्या थवे. सदाहरित जंगलात जाती ढीगभर आणि प्रत्येकीची जोडपी मोजकी. पेरूतल्या मानू नॅशनल पार्कात जॉन टेरबॉर्ग या जंगल-अभ्यासकाने आणि मंडळींनी १९८२ साली ९७ हेक्टर पिंजून काढलं, तिथे राहणाऱ्या २४५ जाती मिळाल्या, पण बहुतेक विरळच, म्हणजे जाती संख्येप्रमाणे ओळीत लावून बरोबर मधली घेतली तरी १०० हेक्टरला अडीच जोडपी! कुणाला बांबूशिवाय जमत नाही, कुणी लष्करी मुंग्यांच्या फौजेने हुसकावलेले किडे टिपायला तिच्या मागेच फिरतं. आपल्याकडे रॅकेट शेपटीच्या कोतवालाबरोबर बऱ्याच जातींचा मिश्र थवा येतो, पाच मिनिटं नुसता गोंधळ, मग तासभर काही नाही. तो थवा चुकला की तुम्ही माझ्याकडे असं बघता जसं काही मीच पक्षी खिशात ठेवलेत.

चिडतोय खरा, पण मीही असाच होतो. काही वर्षांपूर्वी दोडामार्गातल्या एका खाजगी रानाची यादी करायचं काम मिळालं, पाच दिवसांचं. चौथ्या दिवशी पहाटे ओढ्यापलीकडून मलबार ट्रोगॉन, म्हणजे दाट जंगलातला लाजरा पक्षी, बोलला, तीन-चारदा, हळू, मग गप्प. तासभर जळवा काढत बसलो, दिसला नाही. काम देणारा म्हणाला, एकदाच ऐकलंत ना, कोतवाल नक्कल करत असेल. कोतवाल नकला करतो हे खरंच आहे. पण तो कोतवाल नव्हता, मला तेव्हाच माहीत होतं, आणि तरी मी नाव खोडलं. कुणी हात धरला नव्हता. एकदाच आढळला म्हणजे वाट चुकलेला, तो काय मोजायचा, असं तेव्हा मला खरंच वाटायचं. की पैसे अडकतील म्हणून वाटायचं? यादीत उरले बुलबुल, सातभाई, साळुंक्या. आता तिथे रान तोडून लावलेलं रबर आहे.

नाव ठेवलं असतं तर तोड थांबली असती? बहुतेक नाही, जमीन खाजगी होती. हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणतो का, ते मला विचारू नका.

आता एकदा ऐकलेलंही लिहितो. मित्र म्हणतो तुझ्या याद्या फुगलेल्या असतात. असतील. आणि मागच्या महिन्यात एकजण म्हणाला, एखादी जोडी असणं नॉर्मल, मग ती गेली तर कळणार कुणाला? मी दुर्बीण पुसत बसलो.

रविवारी या, फक्त पिवळे टी-शर्ट नकोत.