आयत्या वेळचा विषय

आमच्या तालुक्याच्या गावी इतिहासाचा अभ्यास करणारे एक छोटेसे मंडळ आहे. त्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ हे शेवटचे कलम पुकारले गेले, तसा मी उभा राहिलो आणि गेल्या वर्षीच्या अधिवेशनासाठी पदरचे घातलेले ६,८४० रुपये परत मागितले. घरी तालीम केलेली वाक्ये सौम्य होती. प्रत्यक्षात आवाज चिरकला, आणि कापसाचा थकलेला चुकारा मागायला व्यापाऱ्याच्या ओट्यावर गेल्यासारखे आपण बोलत आहोत, हे माझे मलाच ऐकू आले.

कोषाध्यक्ष माझे शाळासोबती. मांडवाची पावती आहे, किराण्याचीही आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पण भाकरी थापणाऱ्या बायांच्या मजुरीचे १,२०० रुपये कशाच्या आधारे मंजूर करायचे, असा त्यांचा प्रश्न होता. परातीजवळ बसलेल्या बाईकडून पावती घ्यायची असते, हे मला खरोखरच सुचले नव्हते.

त्याच सभेत तासाभरापूर्वी अचलपूरजवळच्या चम्मक येथील वाकाटक ताम्रपटावर निबंध वाचला गेला होता. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाने एक हजार ब्राह्मणांना ८,००० भूमी (‘भूमी’ हे तेव्हाचे जमिनीचे माप) इतकी जमीन दिल्याचे त्या पत्र्यांवर कोरलेले आहे, मात्र नावे मोजली तर ती ४९च भरतात. उरलेल्या ९५१ जणांचा हिशेब कोणीही विचारला नाही. सर्वांनी माना डोलावल्या, त्यांत माझीही होती. हे मी बोलून दाखवताच हशा पिकला, आणि वर्षभर जपलेला माझा राग त्या हशात वाहून गेला. राग टिकवायचा असेल तर विनोद करू नये, एवढे भान मला राहिले नाही.

शिल्लक नसल्यामुळे पैशांऐवजी न खपलेल्या स्मरणिका द्याव्यात, असे ठरले. लंडनच्या रॉयल सोसायटीने सतराव्या शतकात माशांवरचा एक ग्रंथ छापून हात पोळून घेतले, तेव्हा तिचे कारकून असलेल्या एडमंड हॅली यांना पगारापोटी त्याच ग्रंथाच्या ५० प्रती देऊ केल्या होत्या. माझ्या वाट्याला तीन गठ्ठे आले. ते तुरीच्या पोत्यांशेजारी पडून आहेत. संक्रांतीला कोषाध्यक्ष तिळगूळ घेऊन आले, तेव्हा दुसरी जागा नसल्याने त्यांतल्याच एका गठ्ठ्यावर बसले, आणि यंदा तुरीला भाव काय मिळेल यावर आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.