फिल्मचा लूक आणि चुकणारा स्लायडर

आजचा दिवस लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. जुन्या कॅमेऱ्यातल्या रोलचा, म्हणजे फिल्मचा लूक म्हणजे फोटो पिवळा करणं नव्हे, हे पुन्हा पटलं.

खरं काम टोन कर्व्हचं, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषेचं (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ पूर्ण पांढरा). डावीकडचा काळा बिंदू ० वरून २०च्या आसपास उचला, उजवीकडचा पांढरा २५५ वरून २४० पर्यंत खाली आणा. मग मधे रेषेला एस अक्षरासारखा हलका बाक. काळा ३५-४० पर्यंत नेला की फोटो फिल्मसारखा नाही, धुक्यातला दिसतो. बहुतेक प्रीसेट (तयार सेटिंग्ज) इथेच घसरतात.

हिरवा रंग डिजिटलची चुगली करतो. त्याचा ह्यू (रंगाची छटा) पिवळ्याकडे १५-२०, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उणे २५. कलर ग्रेडिंगमध्ये सावल्यांना निळसर-हिरवट, हायलाइट्सना (उजळ भागांना) उबदार छटा. दोन्हींचं सॅच्युरेशन १० च्या आत. जास्त झालं की माणसं काविळीची वाटतात!

फिल्ममध्ये दिव्याभोवती लालसर वलय येतं, कारण प्रकाश फिल्मच्या मागच्या बाजूवरून परतून लाल थरावर पडतो. लाइटरूममध्ये त्यासाठी वेगळा स्लायडर नाही. मास्क लावून (तेवढाच भाग निवडून) तिथली क्लॅरिटी, म्हणजे ठळकपणा, कमी करा, थोडा लाल मिसळा, म्हणजे जवळपास जमतं.

ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे, सगळ्यात शेवटी, १०० टक्के झूमवर बघून. अमाउंट २५-३०, साइज २५, रफनेस ५०. फोटो लहान करून एक्सपोर्ट केला की हा ग्रेन पुसट होतो, आणि फेसबुकचं कॉम्प्रेशन उरलेला गिळतं. म्हणून लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवून तपासा, कमी वाटला तर वाढवा.

आणि हो, शार्पनिंग कमी ठेवा. नाहीतर ग्रेनचे दाणे वाळूसारखे टोचतात.