तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तिघांत सहिष्णू कोण?

गोव्याच्या इतिहासावर बोलून झालं की कोणीतरी हमखास विचारतं, "मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती, यांत जास्त सहिष्णू कोण?" एका शब्दात उत्तर हवं असतं. तसं उत्तर खोटं ठरेल, म्हणून मी सोळाव्या शतकातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याची हकिकत सांगते.

त्याचे आईवडील स्पेनमधले ज्यू. १४९२ साली इसाबेला आणि फर्डिनांड यांचं फर्मान निघालं: ख्रिस्ती व्हा, नाहीतर देश सोडा. ते पोर्तुगालला गेले. तिथेही १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला. त्यामुळे ऑर्ता जन्मला तोच कागदोपत्री ख्रिस्ती. वैद्यकी शिकून तो १५३४ साली गोव्यात आला आणि पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही उपचार करू लागला. शहा शियापंथी मुसलमान. त्याच्या दरबारातल्या हकिमांशी ऑर्ताच्या औषधांवर चर्चा होत.

इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. संवादाच्या रूपात लिहिलेला हा ग्रंथ मला फार प्रिय आहे. त्यात मुंबईतल्या त्याच्या वाडीतला आंबा आहे, महामारीच्या रोग्याची खोल गेलेली नाडी आहे आणि जुना मुसलमान वैद्य इब्न सीना याचे हवाले आहेत. स्पेनमध्ये असताना प्राचीन ग्रीक वैद्य गेलनविरुद्ध ब्र काढायची माझी छाती झाली नसती, असंही तो लिहितो. इथे त्याला ते धाडस झालं.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं होतं. ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळून मारलं. नातेवाइकांच्या जबान्यांत त्याचंही नाव आलं. १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, तिथून जाताना किती जणांना हे ठाऊक असतं?

त्याच पिढीतली ग्रासिया नासी लिस्बनची, तीही सक्तीने ख्रिस्ती केलेल्या घरातली. ती इस्तंबूलला पोचली आणि उघडपणे ज्यू म्हणून जगली. इटलीतल्या अँकोना बंदरात १५५६ मध्ये पोपच्या हुकमाने तिच्यासारख्याच घरांतल्या माणसांना जाळलं, तेव्हा तिने त्या बंदरावर बहिष्कार घालायची खटपट केली. तुर्की सुलतान सुलेमाननेही पोपला पत्र लिहिलं.

इथे श्रोत्यांतले काही खूश होतात: म्हणजे मुसलमानच उदार! तसं नाही. तुर्की राज्यात ज्यू आणि ख्रिस्ती जिझिया भरत. कायद्याने सर्वांना समान मानण्याची घोषणा थेट १८५६ साली झाली. त्याच्या कितीतरी आधी, १०६६ मध्ये, स्पेनमधल्या मुसलमानी ग्रॅनडात जमावाने ज्यू वजिराला मारलं आणि ज्यूंची कत्तल केली. बाराव्या शतकात अल्मोहाद या कडव्या मुसलमान राजवटीने स्पेनमधलं कॉर्डोबा घेतलं, तेव्हा तिथल्या ज्यूंचं जगणं अवघड झालं. ज्यू विचारवंत आणि वैद्य मायमोनिडीस याचं घर त्यातच विस्कटलं. तो अखेर इजिप्तला गेला आणि कैरोत सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारी, त्याच्या वजिराचा वैद्य झाला. त्याला घराबाहेर काढणारे मुसलमान होते आणि ज्याने नाडी त्याच्या हाती दिली तो वजीरही मुसलमानच होता.